ऑल राइट

मे महिन्यात बडोद्याच्या बसथांब्यावर रात्री आठ वाजता माणूस आणि भिंत यांच्यात फारसा फरक उरत नाही. बोलायचं म्हणून बोलत नाही, हे मोजून झालेलं आहे. मोजणारा सेन्सर शंभर रुपयांच्या आतला होता आणि तो माझ्या भाचीचा होता.

भाची फाइन आर्ट्सला आहे. बडोद्यात नुसतं 'फाइन आर्ट्स' म्हटलं की पुरतं, पुढं सयाजीराव विद्यापीठ वगैरे कुणी जोडत नाही. १९५० साली सुरू झालेली ही फॅकल्टी गावाच्या बोलण्यात इतकी मुरली आहे, की घरातलं कुणी तिथं शिकतं म्हटल्यावर शेजारी दोनच प्रश्न विचारतात: नोकरी कुठं लागते, आणि आमच्या देवघराच्या भिंतीवर काही काढून देईल का. भाचीला दोन्ही प्रश्नांचा राग येतो. तिला भिंतीवर काढायचं नसतं, तिला भिंत उजळवायची असते. तीही कुणी समोर आलं तरच.

तिच्या डोक्यात मुळात बसथांबा नव्हताच. तिला हवं होतं अलकापुरीचं गरनाळं. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, गरनाळं म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता. शब्द गुजराती, पण आम्हा बडोदेकर मराठी मंडळींकडे त्याला दुसरा शब्द नाही, आणि 'भुयारी मार्ग' म्हटलं तर ते गरनाळं वाटत नाही. स्टेशनाकडून अलकापुरीत जायचं तर यातून. पावसाळ्यात ते तुंबतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटो दरवर्षी नवा काढतात की जुनाच लावतात, असा मला संशय आहे. एरवी आत शिरलं की स्कूटरवाले उगीच हॉर्न वाजवतात आणि मागच्या सीटवरची पोरं 'ओऽऽ' करून ओरडतात. भाचीचं म्हणणं असं, की पोरं ओरडतात कारण गरनाळं उत्तर देतं. मग त्यानं उजेडानंही उत्तर द्यावं. पायी चालणाऱ्याच्या शेजारून भिंतीवर त्याचा उजेड चालत यावा. समोरून दुसरा कुणी आला तर त्याच्याबरोबर त्याचा यावा. आणि दोघं एकमेकांना ओलांडतील तिथं दोन्ही उजेड मिसळून भिंत क्षणभर लख्ख व्हावी.

मी काही बोललो नाही. एखादी गोष्ट आवडली की मी गप्प बसतो, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

अर्ज घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. मी बरोबर गेलो कारण पांढरे केस असले की निदान खुर्ची मिळते. खुर्ची मिळाली. साहेबांनी चित्रं नीट पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली आणि विचारलं, "आ जाहेरात छे?" नाही. मग स्पॉन्सर कोण? कुणी नाही. जाहिरात असती तर चौरस फुटाचा दर ठरलेला होता. सुशोभीकरण असतं तर टेंडर. रोषणाई असती तर सणाची तारीख लागते. यातलं काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी अर्ज उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, तिथं एखादा रकाना सापडेल अशा आशेनं. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला. अर्ज तिथंच राहिला, अजून असेल.

शेवटी आठ दिवसांसाठी एक बसथांबा मिळाला, तोंडी परवानगीवर. कुठला ते सांगत नाही. तोंडी परवानगी तोंडातच राहिलेली बरी.

थांबा म्हणजे पत्र्याची शेड, लोखंडी बाक आणि मागं कुणाच्या तरी कंपाउंडची लांबलचक काँक्रीटची भिंत. शेजारी पानाचा गल्ला, म्हणजे टपरी. वीज गल्ल्यातून घ्यायची ठरली, पानवाल्यानं पैसे नको म्हटलं, फक्त "मारा नामनुं लखजो" एवढी अट घातली. सामान आणलं ते गणपती मंडळांना रोषणाई पुरवणाऱ्या दुकानातून. दिवा न् दिवा वेगळा पेटवता येतो अशी पिक्सेल एलईडीची पट्टी, तिला वीज पुरवणारा एसएमपीएस, कंट्रोलर. दुकानदारानं बिल करताना विचारलं, कुठलं मंडळ? भाची म्हणाली, मंडळ नाही, कला आहे. त्यानं बिलावर 'परचुरण' लिहिलं.

मी उभं आयुष्य इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढलं, कारखान्यातली तापमानं आणि दाब बघत. त्यामुळे वायरींना डाग मारायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम आपोआप मामाकडे आलं. मार्चमध्ये आमच्या व्हरांड्यात सगळं जोडून पाहिलं. झकास चाललं. मी चालतोय, उजेड माझ्याबरोबर चालतोय, समोरून बहीण पोह्यांची बशी घेऊन येतेय, तिचा उजेड तिच्याबरोबर, आणि मध्ये जिथं आम्ही भेटलो तिथं भिंत पिवळीजर्द. बहिणीनं बशी तिथंच टेबलावर ठेवली आणि परत मागं जाऊन पुन्हा चालत आली.

मे महिन्यात थांब्यावर लावलं आणि पहिल्याच संध्याकाळी ते आंधळं झालं. माणसं येत होती, बसत होती, उठत होती. पट्टी मिणमिणती. कधी मध्येच एखादं वासरू गेलं तर उजळायची आणि भाची दचकायची. तिनं प्रोग्रॅम तीनदा तपासला, वायरी दोनदा बदलल्या. मी बाकावर बसलो, पाठ भिंतीला टेकली, आणि चटकन पुढं झालो. भिंत भाजत होती. पश्चिमेकडं तोंड करून दुपारभर ऊन प्यायलेली काँक्रीटची भिंत.

तो सेन्सर, पीआयआर म्हणतात त्याला, स्वतः काहीच फेकत नाही, फक्त बघतो. अंगाच्या उष्णतेतून जे अवरक्त किरण निघतात ते बघतो. समोर दुधी प्लास्टिकचा जो खवल्याखवल्यांचा घुमट दिसतो ती भिंगं असतात. ती समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. आत स्फटिकाचे दोन तुकडे शेजारी शेजारी, एकमेकांच्या उलट जोडलेले. दोघांना सारखंच दिसत असेल तर बेरीज शून्य. ऊबदार माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की एकाला जास्त, एकाला कमी, आणि खट्कन एक झटका मिळतो. म्हणजे त्याला माणूस दिसत नाहीच. दिसतो तो मागच्या भिंतीहून वेगळा असलेला, हलणारा ऊबदार डाग. आता माणसाची कातडी चौतीसच्या आसपास, आणि भिंतही तेवढीच तापलेली. वेगळं काय दिसणार बिचाऱ्याला? आम्ही सगळे त्याच्या लेखी भिंतीत मिसळून गेलो होतो. बेंबीच्या देठापासून ओरडलो असतो तरी त्याला पत्ता लागला नसता. वासराचं गणित मला अजून सुटलेलं नाही. बहुतेक नुकतंच कुठल्या तरी गटारात बसून आलं असावं.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, रडार लावू. तसलेही छोटे सेन्सर मिळतात, सूक्ष्मलहरी सोडून हललेलं टिपणारे. त्यांना उन्हाळा-हिवाळा सारखाच. लावले, आणि पट्टीला वेड लागलं. त्या लहरी पातळ आडोशातूनही पार जातात हे मला माहीत होतं, लक्षात नव्हतं. रस्त्यावरून रिक्षा गेली, उजेड. बस आली, उजेडाचा लोट. थांब्यावरची बाई ढिम्म बसलेली आणि तिच्याभोवती रिक्षांचा उजेड धावतोय. भाची म्हणाली, "मामा, हे तर उलटंच झालं. वाहनांना लाइट, माणसांना अंधार. ते तर आधीपासून आहेच."

उपाय सुचला तो पानवाल्याच्या माठाकडे बघून. माठाला गुंडाळलेलं ओलं गोणपाट. दुसऱ्या दिवशी बाजारातून धान्याची रिकामी पोती आणली, उसवून शिवली, भिंतीवर कंबरेपासून खाली आडवी टांगली आणि पाणी मारलं. पट्टी वर डोक्याच्याही वर, तीही बारा व्होल्टची, त्यामुळं त्या बाजूनं भीती नव्हती. मेची हवा कोरडी ठणठणीत, पाणी उडायला लागलं तसं पोतं गार पडलं. आता सेन्सरच्या समोर गार पडदा, आणि पडद्यापुढं माणूस. जुनेच पीआयआर परत लावले. संध्याकाळी सातला पहिली बाई आली, भाजीची पिशवी बाकावर ठेवली, आणि तिच्या डोक्यावर उजेड उगवला.

तिनं वर पाहिलं नाही. ती पोत्याकडे सरकली आणि पाठ टेकून म्हणाली, "हाश!"

पुढं रोज तसंच झालं. लोक गारव्यासाठी यायला लागले. पलीकडच्या थांब्यावरून बस पकडणारे रस्ता ओलांडून इकडे उभे राहायला लागले. भाची आधी खट्टू झाली. रात्रंदिवस खपून केलेल्या कामाला प्रेक्षक मिळाले ते ओल्या पोत्यामुळं! मला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. कुणी देवळात घंटेसाठी जातं, कुणी प्रसादासाठी, कुणी फरशी गार असते म्हणून. आत आल्यावर घंटा सगळ्यांनाच ऐकू येते.

आणि ऐकू आलीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून लोकांच्या ध्यानात यायला लागलं. एका शाळकरी मुलानं उजेडाला चकवायचं ठरवलं: इकडून पळ, मध्येच थांब, उलटा फिर. एका आजोबांनी काठी हलवून पाहिली, काठीला उजेड येईना. काठीला अंगाची ऊब कुठली! मग हात हलवला, आला. त्यांनी आजीला सांगितलं, "जुओ, मने ओळखे छे." आजी म्हणाल्या, तुम्हाला कोण ओळखतंय! आणि स्वतःचा हात वर करून पाहिला.

मला आमचे अण्णा आठवले ते त्या क्षणी. अण्णा रेल्वेत गार्ड होते, छोट्या लाइनीवर, प्रतापनगर-डभोई-चांदोद. गायकवाडांची ही छोटी लाइन फार जुनी. १८६२ साली डभोई-मियागाम गाडी सुरू झाली तेव्हा ती बैल ओढत होते. इंजिनं नंतर आली. अण्णांच्या काळी बैल नव्हते, पण बाकी सगळं बैलगाडीच्या चालीनंच होतं. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. अण्णा असते तर म्हणाले असते, मॅनेजर म्हटलं की बत्ती दुसरा कुणीतरी धरतो.

त्यांची हातबत्ती रॉकेलची. काळ्या पत्र्याचा डबा, वर धूर जायला टोपण, मागं पकडायला मूठ, पुढं एकच जाड भिंग. आतल्या फिरत्या पत्र्यात रंगीत काचा, टोपण फिरवलं की समोर पांढरा, लाल, हिरवा. ड्यूटीवरून आले की ती ओट्याखाली ठेवायचे आणि आमच्या घराला कायम रॉकेल आणि काजळीचा वास. एकदा दुपारी ते झोपलेले असताना मी ती उघडली. लाल काच लाल होती. हिरवी काच हिरवी नव्हतीच. निळसर होती, आकाशाकडे धरली तर चक्क निळी. मला वाटलं मी काहीतरी बिघडवलं. संध्याकाळी भीत भीत सांगितलं, तर त्यांनी बत्ती पेटवून दाखवली. रॉकेलची ज्योत पिवळी, पुढं निळसर काच, बाहेर हिरवा उजेड. हिरवी काच घातली तर पिवळ्या ज्योतीत ती मळकट दिसते, म्हणून मुद्दाम निळसर घालतात म्हणाले. पुढं नोकरीत हजार सेन्सर हाताळले, पण दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय तिसरी दिसत नाही हे मला पहिल्यांदा त्या डब्यानं शिकवलं.

त्या बत्तीचं काम सिग्नलचं, पण त्यात एक काम फार लोकांना माहीत नसतं. गाडी स्टेशनातून सुटली की गार्डनं मागच्या डब्याच्या दारातून हिरवी बत्ती दाखवायची, आणि इंजिनावरून तशीच दाखवली जायची. याला ऑल राइट देणं म्हणतात. एका रात्री मी त्यांच्याबरोबर होतो. नियमात बसत नव्हतं, पण आई माहेरी आणि घरी कुणी नव्हतं. डभोईहून गाडी सुटली, अण्णा दाराच्या दांडीला धरून बाहेर झुकले, बत्ती हलवली आणि पुढं बघत राहिले. पुढं नुसता अंधार आणि इंजिनाच्या ठिणग्या. वळण येत होतं. त्यांनी परत हलवली. मग गाडी वळणात शिरली, सगळे डबे धनुष्यासारखे वाकले आणि टोकाशी एवढासा हिरवा ठिपका, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे. "झालं," म्हणाले आणि आत येऊन डबा उघडला. पुढं कोण ड्रायव्हर होता, मी विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं, प्रतापनगरला ड्रायव्हर बदललेला. ठिपका आला म्हणजे तो होता आणि गाडी अख्खी होती. तेवढ्यावर त्यांनी पोळी-भाजी खाल्ली.

हे भाचीला सांगितलं तेव्हा तिनं मोबाइलवर मला न्यूयॉर्कचं एक स्टेशन दाखवलं. जमिनीखालचं, चौतिसाव्या रस्त्यावरचं हेरल्ड स्क्वेअर. क्रिस्टोफर जॅनी या कलावंतानं १९९०च्या दशकात तिथं प्लॅटफॉर्मवर डोक्याच्या वर लांब हिरव्या दांड्या टांगल्या. दांडीत 'डोळे'. खालून हात वर करून डोळ्यासमोर धरला की प्रकाशाचा झोत तुटतो आणि आवाज येतो, बासरीचा, मरिम्बा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा, पाणथळ जंगलाचा. नाव 'रीच', म्हणजे हात पोहोचव. खरी गंमत पुढं आहे. दांडी समोरच्या प्लॅटफॉर्मवरही आहे. मध्ये रूळ. इकडचा माणूस उत्तरेला चाललेला, तिकडचा दक्षिणेला, दोघांना एकमेकांशी बोलायचं काही कारण नाही, पण यानं हात वर केला आणि त्यानंही केला तर दोघं मिळून वाजवू लागतात. मी तो व्हिडिओ बघितला आणि म्हटलं, हे तर ऑल राइट आहे!

भाचीला त्यापेक्षा जवळचा वाटतो राफाएल लोझानो-हेमर हा कलावंत. त्याचा 'पल्स रूम' २००६चा. छताला बल्बच्या रांगा. तुम्ही दांडा धरला की तुमच्या नाडीच्या ठोक्यानं एक बल्ब लुकलुकायला लागतो. पुढचा माणूस आला की तुमचे ठोके पुढच्या बल्बवर सरकतात, सगळ्यांचेच एकेक घर पुढं, आणि शेवटचा गळतो. बसच्या रांगेचं याहून नेमकं वर्णन मी पाहिलेलं नाही, आणि गंमत म्हणजे ते बसथांब्यासाठी केलेलंच नाही.

मुलाकडे जाताना शिकागोच्या ओहेअर विमानतळावर मी मायकल हेडनचं ते प्रसिद्ध निऑनचं भुयारही चाललो आहे, १९८७चं, सव्वादोनशे मीटर लांब. सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं, वर निऑनच्या नळ्या, रंग धावतायत, संगीत चाललंय. सुंदर आहे. पण मी नसतो तरी ते तसंच धावलं असतं, आणि मला ते चालता चालता जाणवत राहिलं. आपल्याकडे हल्ली चौकाचौकांत, पुलांवर जी रोषणाई होते तीही त्याच जातीची. रंग बदलतात, आपण फोटो काढतो, संबंध संपला. 'आय लव्ह' असं लिहिलेल्या चमकत्या अक्षरांपुढं उभं राहताना मला नेहमी वाटतं, प्रेम करतंय कोण?

याच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरे. स्टेशनात, बसस्टँडवर, गरनाळ्याच्या तोंडाशी आपल्याला बघणारे डोळे आता कमी नाहीत. त्यांना आपला चेहरा हवा असतो, आणि त्यांनी आपल्याला पाहिलं हे आपल्याला कधीच कळत नाही. तो शंभर रुपयांच्या आतला सेन्सर याच्या बरोबर उलट. चेहरा त्याला दिसतच नाही. ऊब आहे आणि हलतंय, एवढ्यावर तो लगेच सांगून टाकतो, पाहिलं बुवा तुला. मात्र तुम्ही निश्चल बसलात की तुम्हाला विसरतो. हा त्याचा दोष आहे असं मी भाचीला म्हणालो होतो. अर्ध्या मिनिटानं पट्टी मंद होते ते वाढवून पाच मिनिटं कर म्हटलं होतं. तिनं ऐकलं नाही.

आठव्या रात्री मी गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसलो होतो, थांब्याच्या एका टोकाला. साडेनऊ-पावणेदहा झाले असतील. दुसऱ्या टोकाला एकटाच माणूस, सिक्युरिटीच्या निळ्या शर्टात, बूट काढून बाकाखाली सारलेले, पाय पसरलेले, डोळे मिटलेले. पट्टी मंद झाली. त्यानं डोळे न उघडता हात उचलला, माशी हाकलल्यासारखा, आणि उजेड आला. हात मांडीवर. अर्ध्या मिनिटानं पुन्हा अंधार, पुन्हा हात. चार-पाच वेळा. त्याला आता त्यात विचार करावा लागत नव्हता. मग मी माझा हात हलवला. माझ्या टोकाचा उजेड पट्टीवरून त्याच्याकडे गेला. त्यानं एक डोळा उघडला, भिंतीवर चाललेला उजेड बघितला, माझ्याकडे नाही, आणि हात वर केला. त्याच्याकडून उजेड निघाला.

बस आली. तो बूट हातात घेऊनच चढला.

आम्ही रात्रीच पट्टी उतरवली, सेन्सर डब्यात भरले, वायरी गुंडाळल्या. गोणपाट काढायला गेलो तर पानवाला कळशी घेऊन आला आणि आमच्यादेखत त्यावर ओतून मोकळा झाला. म्हणाला, लाइट ले जाओ, ये रहने दो. त्याचं नाव लिहायचं राहिलंच होतं. भाचीनं मार्करनं गोणपाटाच्या कोपऱ्यात लिहिलं. ओलं असल्यामुळं शाई पसरली आणि वाचता येईना. जूनच्या मध्यापर्यंत, पहिला पाऊस येईतो, ते तिथं होतं.